आपण कोणती पुस्तके टाळतो, आणि का?

आमच्या वस्तीतील विहारात पुस्तकांची दोन लोखंडी कपाटे आहेत. दर रविवारी सकाळी वंदना झाली की दहा ते बारा या वेळेत मी तेथे बसतो. पुस्तके देणे, परत घेणे, वहीत नोंद करणे हे काम गेली बारा वर्षे माझ्याकडे आहे. पेशाने कारकून असल्यामुळे नोंदीच्या बाबतीत मी जरा काटेकोर आहे. कोणी कोणते पुस्तक कधी नेले, कधी परत केले, हे सारे वहीत सापडते.

मागील वर्षाच्या अखेरीस आम्ही पुस्तकांची मोजदाद केली. त्या वेळी सहज मनात आले की, कोणते पुस्तक किती वाचले गेले हे तर आपण नेहमीच बघतो. या खेपेला कोणते वाचलेच गेले नाही ते बघू. ज्या पुस्तकांपुढे तीन वर्षांत एकही नोंद नव्हती ती बाजूला काढली. बघता बघता टेबलावर ढीग लागला. मदतीला आलेली दहावीतील एक मुलगी म्हणाली, "काका, ही रद्दीत द्यायची का?"

मी म्हटले, "थांब जरा." कारण ढिगात सर्वात वर दया पवारांचे 'बलुतं' होते. आणि वयाच्या तिशीपर्यंत तेच पुस्तक मी स्वतःही टाळत आलो होतो.

बंधू-भगिनींनो, एखादे पुस्तक न आवडणे वेगळे आणि ते टाळणे वेगळे. कारल्याची भाजी खाऊन बघितली, कडू लागली, ताट सरकवले, ही झाली नावड. ती प्रत्येकाला असते आणि असावी. परंतु ताटात काय आहे हे न बघताच जो उठून जातो, त्याचे कारण भाजीत नसते, त्याच्या मनात असते. आमच्या ढिगातील पुस्तकांबद्दल लोक जी कारणे सांगत आले, ती मी त्यांच्याच शब्दांत येथे मांडतो. त्यात माझीही कारणे आहेत.

"कविता आपल्याला कळत नाही"

हे उत्तर तर ठरलेलेच. गंमत अशी की, असे म्हणणारी मंडळीच जयंतीच्या रात्री वामनदादा कर्डकांची गाणी एकापाठोपाठ एक तोंडपाठ म्हणतात. ज्या म्हाताऱ्या बाईला सही येत नाही तिलाही दहा-वीस गाणी येतात. मग कविता कळत नाही असे कसे? मला वाटते, शाळेत कवितेखाली प्रश्न छापलेले असत, उत्तर चुकले की गुण जात आणि वर छडी बसे. ती भीती अजून अंगात आहे. गाण्याखाली प्रश्न नसतात म्हणून गाणे आपले वाटते.

नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला. त्याचे कारण मात्र निराळे सांगतात, "असले शब्द घरात नकोत." सकाळी नळावर जे शब्द आपण रोज ऐकतो तेच छापलेले दिसले की आपण दचकतो. घरात लहान मुले असतील तर पुस्तक वरच्या फळीवर ठेवावे, हे मला मान्य आहे. पण वरच्या फळीपर्यंत मोठ्या माणसाचा हात पोचतो ना?

"ती पुस्तके आपली नव्हेत"

कोणीतरी शिवाजी सावंतांचे 'मृत्युंजय' आणि वि. स. खांडेकरांचे 'ययाति' विहाराला भेट दिले होते. "पुराणातली पुस्तके विहारात कशाला?" असा प्रश्न कमिटीत निघाला. मीही त्याच मताचा होतो. दोन्ही पुस्तके मागच्या रांगेत गेली.

पुढे कॉलेजात जाणारा एक मुलगा 'मृत्युंजय' मागायला आला. मागताना इकडेतिकडे बघत होता, जणू काही चोरी करतो आहे. पुस्तक परत देताना त्याने मला एकच प्रश्न विचारला, "काका, कर्ण खरोखरच सूताचा मुलगा असता, तर वाचणाऱ्यांना त्याचे एवढे वाईट वाटले असते का?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी पुस्तक घरी नेले आणि वाचले. कादंबरी १९६७ सालची, तेव्हापासून घराघरांत वाचली गेलेली. सूतपुत्र म्हणून कर्णाला जे हिणवले जाते ते वाचताना आपल्याला आपलेच आठवते, घशाशी येते. पण शेवटी तो निघतो कुंतीचा मुलगा. मग अन्याय नेमका कशाचा झाला, हिणवण्याचा की चुकीच्या माणसाला हिणवण्याचा? मुलाने बरोबर तेथेच बोट ठेवले होते. हा प्रश्न पुस्तक टाळून सुचला नसता.

येथे बाबासाहेबांची आठवण करावीशी वाटते. शाळेत त्यांना संस्कृत घेऊ दिले नाही, फारसी घ्यावी लागली. तरीही पुढे ते संस्कृत शिकले आणि ज्या ग्रंथांनी आपल्याला खाली ढकलले तेच ग्रंथ त्यांनी ओळीओळीने तपासले. 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा १९४६ सालचा ग्रंथ त्या वाचनातून उभा राहिला. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली, त्याआधी तिच्यात काय लिहिले आहे हे त्यांना पुरते ठाऊक होते. आपण मात्र न वाचताच नाक मुरडतो आणि त्यालाच बाणा समजतो.

"घरात मुलीबाळी आहेत"

शरीर, मासिक पाळी, गरोदरपण, गुप्तरोग, कुटुंबनियोजन यांवरची सात-आठ पुस्तके आमच्याकडे आहेत. वहीत त्यांच्यापुढे एकही नोंद नाही. परंतु पुस्तके हातात घेतली तेव्हा दिसले की, पाने चांगलीच मळलेली आहेत, दोन-तीन ठिकाणी कोपरे दुमडलेले आहेत. मी चहाला जात असे तेव्हा कोणीतरी कपाटाआड उभे राहून ती वाचत असणार. टाळले जात होते ते पुस्तक नव्हे, वहीत नाव लागणे.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षे 'समाजस्वास्थ्य' हे मासिक याच विषयांसाठी चालवले. अश्लीलतेचे आरोप झाले, खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात कर्व्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, पण ज्या विषयावर बोलायला समाज लाजत होता त्यावर लिहिण्याचा हक्क आहे, ही बाजू कोर्टात मांडली गेली. बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर लावणाऱ्या घरात मुलीला पहिली पाळी येते तेव्हा तिला कोणी काही सांगत नाही, ही आपली स्थिती आहे.

आम्ही एक साधा उपाय केला. ती पुस्तके कपाटातून काढून खिडकीपाशी ठेवली आणि पाटी लावली, "नोंद करण्याची गरज नाही." दोन रविवारांत त्यातली चार पुस्तके घरोघरी गेली. अजून तीनच परत आली आहेत. एक फिरते आहे, फिरू दे.

"ते शिकलेल्यांचे काम"

पैसा, बँक, कायदा, अर्थशास्त्र या पुस्तकांचा ढीग सर्वात स्वच्छ होता. हातच लागलेला नव्हता. या बाबतीत मी दुसऱ्यांना बोलू शकत नाही. मी बी. कॉम. झालो. चलन आणि बँकिंगचा पेपर गाइड वाचून सुटलो. बाबासाहेबांचे रुपयाच्या प्रश्नावरचे पुस्तक १९२३ साली लंडनला प्रसिद्ध झाले होते आणि ते माझ्याच विषयाचे होते. पण ते उघडायला मला नोकरीची सात-आठ वर्षे जावी लागली. शासनाने काढलेल्या त्यांच्या ग्रंथमालेच्या सहाव्या खंडात ते आहे. खंड आम्ही कपाटाच्या दर्शनी भागात ठेवतो, जयंतीला फूल वाहतो. उघडत कोणी नाही.

वाचताना पहिली तीस पाने मला जड गेली. मग लक्षात आले की विषय आपल्या रोजच्या पिशवीचा आहे. रुपयाचे मोल आत बाजारात किती टिकते, त्याने किती धान्य येते, हा त्यांचा मुख्य मुद्दा. १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. त्या सुमारासच्या लेखनातही ते हेच विचारतात की, रुपयाचा भाव पाडला तर लाभ कोणाचा? व्यापारउदीम करणाऱ्याचा. महागाई वाढून झीज कोणाची? ठरलेल्या मजुरीवर जगणाऱ्याची. गिरणीतल्या, गोदीतल्या, झाडूखात्यातल्या माणसाला हे समजू नये इतके ते अवघड नाही.

टाळण्याची किंमत किती असते तेही सांगतो. आमच्या शेजारचे एक गृहस्थ सफाई खात्यात होते. ओळखीच्या माणसासाठी एका पतपेढीत जामीनदार म्हणून सही केली. कागद चार पानी होता. "वाचायचं काय त्यात, भाऊच आहे तो," म्हणाले. भाऊ गाव सोडून गेला आणि यांच्या पगारातून तीन वर्षे हप्ते कापले गेले. त्याच कालावधीत मोठ्या मुलीचे नर्सिंगचे शिक्षण थांबले, ते पुन्हा सुरू झाले नाही. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, हे आमच्या कपाटातील वीस रुपयांच्या पुस्तिकेत सोप्या मराठीत लिहिलेले होते.

"पुन्हा तेच दुःख कशाला?"

आता राहिली आत्मकथने. 'बलुतं' १९७८ सालचे. त्याच्या मागोमाग प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी', लक्ष्मण माने यांचे 'उपरा', शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी', शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा', लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या'. परक्या भाषांत ज्यांची भाषांतरे झाली अशी यातली पुस्तके आमच्या कपाटात धूळ खात होती.

लोक म्हणतात, "आपण त्यातून वर आलो, आता कशाला उकरायचे?" कोणी म्हणतात, "मुलांच्या मनात न्यूनगंड येतो." कोणी हळूच म्हणतात, "मुलीला बघायला पाहुणे येतात, पुस्तके दिसतात." दिवसभर राबून आलेला माणूस म्हणतो, "माझं मला पुरे आहे." या शेवटच्या कारणाशी मी भांडणार नाही. बाकीच्यांशी भांडण्याचा मला अधिकार आहे, कारण ती सारी मी वापरली आहेत.

२००४ साली मी नोकरीला लागलो. लोकलने जाताना वाचायची सवय होती. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह तेव्हा वाचत होतो. पुस्तकाच्या नावातच सगळे आले. ऑफिसातील माणसे त्याच डब्यात असत, म्हणून मी त्याला खाकी कव्हर घातले. डबा खाताना एकाने विचारले, "काय वाचता हो?" मी म्हटले, "कथा आहेत साध्या." जात चोरण्यावरचे पुस्तक वाचता वाचता मी तेच करत होतो. त्या संध्याकाळी मला स्वतःचीच एवढी लाज वाटली की, स्वतःला सुधारण्याऐवजी मी त्या प्रकारची पुस्तकेच सोडून दिली. आणि चारचौघांत त्याला तत्त्वाचे रूप दिले, "आपण पुढे बघावे."

२०११ साली माझी आजी मोरीत घसरून पडली. खुबा मोडला, अंथरुणाला खिळली. वय ऐंशीच्या पुढे, माहेर-सासर दोन्ही फलटणकडचे. एक दिवस मला म्हणाली, "एवढी बुकं वाचतोस, मला बी वाचून दाखव की काय तरी." मी बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' काढले. कारण एवढेच की पुस्तक लहान होते आणि लेखिका फलटणची.

बेबीताईंची हकिकत आजीला आधी सांगितली. त्यांचे किराणा मालाचे छोटे दुकान होते. पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद त्या दुकानात बसून वाचत. आपले लिखाण त्यांनी कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. पुढे ते 'स्त्री' मासिकात आले आणि १९८६ साली त्याचे पुस्तक झाले.

मला धास्ती होती की आजी रडेल. पहिले तीन दिवस ती हसली. "आरं, हे तर आमचंच हाय," म्हणायची आणि मध्येच मला थांबवून स्वतःच्या गावचे सांगू लागायची. चौथ्या दिवशी सासुरवाशिणींच्या हालांचा भाग आला. पोरसवदा सुना, दिवसभराचे काम, मार, उपास, आणि हे सर्व करणाऱ्या आपल्याच घरच्या सासवा. आजीने तोंड भिंतीकडे केले. "बंद कर," म्हणाली. मला वाटले, झाले, मी म्हणत होतो तेच खरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझ्या आईला हाक मारली. आई हातात उलथने घेऊनच आली. आजी म्हणाली, "तू नवी नवरी आलीस तवा मी बी तुला लई छळलं. भाकरी मोजून द्यायची. एकदा तर फुकणीनं मारलं. त्या बाईनं लिवलंय तसंच."

आई म्हणाली, "आता कशाला ते, आत्या." पण ती परत स्वयंपाकघरात गेली नाही. खाटेच्या कडेला बसली. मग ती बोलू लागली. लग्न झाले तेव्हा तिची सातवी झाली होती. पुढे शिकायचे होते, पुस्तके माहेराहून आणली होती, ती बंबात गेली. हे मला तोपर्यंत माहीत नव्हते. त्या दोघी पस्तीस वर्षे एका चुलीवर राहिल्या होत्या, आणि हे बोलणे त्यांच्यात प्रथमच होत होते. उलथने तसेच हातात होते. चपाती करपल्याचा वास आला तेव्हा कुठे आई उठली.

राहिलेली पाने मी वाचली नाहीत. आईने वाचून दाखवली. पुढच्या वर्षी आजी गेली. त्याच वर्षी बेबीताईही गेल्या.

तेव्हा मला माझ्या टाळण्याचे खरे कारण समजले. मी समजत होतो की या पुस्तकांतून आपली गरिबी चारचौघांत दिसते म्हणून आपण ती लपवतो. तेही आहेच. परंतु ही पुस्तके आपण एकमेकांशी कसे वागलो तेही सांगतात, आणि ते ऐकणे जास्त कठीण असते. बेबीताईंनी गावाने केलेला अन्याय लिहिला, तसाच घरातला अन्यायही लिहिला. ऊर्मिला पवारांनी २००३ साली 'आयदान' लिहिले तेव्हा त्यांनीही घरातील आणि चळवळीतील पुरुषांना सोडले नाही. मग मी 'बलुतं' हाती घेतले. त्यात शिकलेले, नोकरी करणारे दया पवार आपल्याच आतल्या दगडू मारुती पवारला समोर बसवून बोलते करतात. खाकी कव्हर घालणारा मी त्या दोघांच्या मध्ये कुठेतरी होतो.

कार्यकर्त्यांची खोड

एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आम्ही कार्यकर्ते मंडळीही काही पुस्तके टाळतो. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा, नारायण धारपांच्या भयकथा, विनोदी पुस्तके यांना आम्ही "टाइमपास" म्हणून हिणवतो. अर्नाळकरांनी हजारावर पुस्तके लिहिली. झुंजार आणि काळापहाड यांच्या नादाने किती तरी माणसे वाचायला लागली. आमच्या वहीत रात्रपाळीच्या एका वॉचमनच्या नावावर धारपांची पुस्तके ओळीने आहेत. मी त्याला एकदा टोकले, तर म्हणाला, "साहेब, झोप येऊ नये म्हणून वाचतो, आणि भूत नसतं हे मला ठाऊक आहे." गेल्या पावसाळ्यात त्याने होऊन 'उपरा' मागितले. वाचणारा माणूस एका जागी थांबत नाही. आम्हीच त्याच्या आड येऊ नये.

मग काय करावे?

सारीच पुस्तके सर्वांनी वाचावीत असे माझे म्हणणे नाही. तेवढा वेळ कोणाकडे आहे? पण आपल्या घरी बसून एवढे करता येईल. जे पुस्तक आपण टाळतो त्याचे कारण एकदा मोठ्याने बोलून बघावे. "मला आवडत नाही" हे कारण असेल तर निदान वीस पाने वाचल्यानंतरच ते द्यावे. "लोक काय म्हणतील" हे कारण निघाले, तर ते पुस्तक आधी वाचावे. घरात ज्यांना वाचता येत नाही त्यांना रात्री जेवण झाल्यावर दोन पाने वाचून दाखवावीत. त्यांना वाईट वाटेल असे आपण परस्पर ठरवू नये. आणि पुस्तकाला कव्हर घालायचे तर ते फाटू नये म्हणून घालावे, नाव दिसू नये म्हणून नव्हे.

आमचा तो ढीग रद्दीत गेला नाही. विहारात दारापाशी एक वेगळे टेबल मांडले आणि त्यावर ही पुस्तके ठेवली. पाटी त्या दहावीतल्या मुलीनेच रंगवली, "आपण टाळलेली पुस्तके." येणारा-जाणारा थांबतो, हसतो, एखादे उचलतो. काही परत ठेवतात, काही नेतात. मी वहीत या टेबलासाठी नवे पान आखले आहे. पहिली नोंद तिच्याच नावाची आहे, पुस्तक 'जिणं आमुचं'. तिची आजी गावाहून आली आहे म्हणे, तिला वाचून दाखवायचे आहे.